ताडपत्रीखालची मायनर : प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४

गाडी : मॉरिस मायनर, सिरीज टू, १९५५ ची, दोन दारांची, ८०३ सीसी, ३० हॉर्सपॉवर. शेवटची चालली १९९८ मध्ये. आजोबांनी घेतली, बाबा आणि काका दोघंही हिच्यावरच शिकले. काकांनी "चार दिवस मागे लावतो" म्हणून घरामागच्या झाडाखाली लावली, ते चार दिवस अजून चालू आहेत.

आज कशालाही हात लावायचा नाही असं ठरवूनच गेलो. फक्त पाहणी, फोटो आणि ही वही. भाची मोबाइल घेऊन गाडीभोवती फिरली, दोनशेच्या वर फोटो झाले. मागे एका स्कूटरच्या वेळी फोटो न काढता सगळं खोललं होतं. उरलेले चार वायसर आजही डब्यात आहेत.

चारी चाकं रिमपर्यंत जमिनीत. मागचा बंपर अर्धा मातीत. पुढची दोन तुकड्यांची काच शाबूत, मधली पट्टीही जागेवर. सुरुवातीच्या मायनरची हीच मोठी खूण, १९५६ मध्ये मायनर १००० आली आणि सलग काच बसली. आतल्या पाटीवरचा चेसिस नंबर नोंदणीच्या पुस्तकातल्या नंबराशी जुळला. हे आधी बघितलं, कारण कागद जुळले नसते तर पुढचा सगळा घाम फुकट.

ताडपत्रीबद्दल लिहून ठेवतो. काकांनी दर दोन-तीन वर्षांनी नवी आणून घट्ट बांधली. म्हणजे गाडीकडे लक्ष नव्हतं असं कुणी म्हणू नये. पण जमिनीतली ओल वर येते, प्लास्टिकला आतून धरते आणि रात्री गार झालं की थेंब होऊन परत गाडीवरच गळते. उजव्या मडगार्डावर ताडपत्री फाटलेली होती. तिथे वारा लागला, म्हणून तिथला पत्रा सगळ्यात धड. जिथे ताडपत्री शाबूत, तिथे रंग फुगून पापुद्रे सुटलेत. काकांना हे आज सांगितलं नाही.

१७ नोव्हेंबर

उघडली. डावं दार उघडलं, उजवं नाही.

आत उंदरांनी मागची सीट पोखरून घर केलेलं. मास्क, हातमोजे, आणि लेंड्यांवर आधी जंतुनाशकाचं पाणी. कोरडं झाडलं तर ती धूळ छातीत जाते. तीन पोती कचरा निघाला.

दारामागच्या खांबात पूर्वी वळणाचा हात असायचा, विजेने बाहेर पडणारा, टोकाला पिवळा दिवा. डावा हात अर्धवट उघडा राहून तसाच अडकला होता. फटीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. टोकदार लाकडी काडीने कण कण करत माती काढली, तासभर गेला. त्याची नड आत्ता अजिबात नव्हती, पण भाचीला तो हात हलताना बघायचा होता आणि खरं तर मलाही. बोटाने उचलला की वर येतो, सोडला की टप्पकन आत जातो. कॉइल जिवंत आहे का ते नंतर बघू.

डॅशबोर्डच्या खणात आजोबांची छोटी वही मिळाली. पेट्रोल, मैल, ऑइल, ग्रीस, सगळं तारीखवार. "खालची ट्रनियन, दोन्ही बाजू, ग्रीस" ही ओळ दर हजार मैलांना न चुकता. मायनरच्या पुढच्या चाकाचा भार खाली आट्यांच्या ट्रनियनवर, म्हणजे फिरत्या सांध्यावर असतो. ग्रीस चुकलं की आटे झिजतात आणि एक दिवस चाक आडवं होऊन गाडी नाकावर बसते. आजोबांचं अक्षर १९८७ पर्यंत. पुढे काकांचं, पेट्रोल तेवढं लिहिलेलं.

२३ नोव्हेंबर

चाकं मोकळी केली. खुरप्याने, फावड्याने नाही, कारण ब्रेकचे पाइप कुठे लटकत असतील सांगता येत नाही. टायर गेलेलेच, तरी हवा भरून बघितली. दोघांनी धरली, दोघांनी सोडली.

दाराखाली जॅक लावायची मूळ जागा आहे, तिथे अंगठा दाबला तर पत्रा बिस्किटासारखा चुरला. तिथे जॅक लावला असता तर तो थेट आत गेला असता. मागून ॲक्सलखाली आणि पुढून आडव्या क्रॉसमेंबरखाली जॅक घेतला, खाली जाड फळ्या. प्रत्येक उचलीला स्टँड. जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालायचा नाही, हा नियम भाचीलाही पाठ करून घेतला.

२४ नोव्हेंबर

पुढची चाकं फिरली, मागची नाहीत. हँडब्रेक ओढलेला.

सव्वीस वर्षं ब्रेक शू ड्रमला दाबून राहिले, मध्ये गंज, झालं वेल्डिंग. लिव्हर खाली केला तरी केबल ढिली होते, शू जागचे हलत नाहीत. संध्याकाळी काकांना फोन करून विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, तिथे उतार होता ना थोडा."

उतार आहे, हे खरंच आहे.

३० नोव्हेंबर

ड्रमच्या भोकातून स्क्रू ड्रायव्हर घालून ॲडजस्टर उलटे फिरवले. एक फिरला, एक मोडला. ड्रमचे दोन्ही स्क्रू आठवडाभर गंज सोडवायचं तेल पिऊन बसले होते, इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या तिसऱ्या ठोक्याला सुटले. मग ड्रमच्या कडेने लाकडी हातोडी, फिरवत फिरवत. कास्ट आयर्नवर लोखंडी घण मारला तर तडा जातो. डावा ड्रम सव्वा तासाने आला. उजव्याला त्याहून जास्त वेळ लागला आणि शूचं लायनिंग ड्रमलाच चिकटून निघालं.

त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲसबेस्टॉस असायचं. त्यामुळे काँप्रेसरची हवा मारायची नाही, ब्रशने झाडायचं नाही. पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकी पिशवीत बांधून टाकली.

१ डिसेंबर

गाडी शेडमध्ये. सहा माणसं, दोर, फळ्या, चार उसनी चाकं. वीस मिनिटांचं काम, त्याच्या तयारीला तीन आठवडे.

जमिनीवर जिथे ती उभी होती तिथे चार खड्डे आणि मध्ये तपकिरी चौकोन. गंजाचा.

८ डिसेंबर

अंगावरून पाणी मारलं, शेवाळ गेलं. बोनेटवरून हात फिरवताना मधली सपाट पट्टी लागली. मायनरची गंमत ही. तिचे डिझाइनर ॲलेक इसिगोनिस यांना अगदी शेवटी वाटलं की गाडी अरुंद झाली. नमुन्याची गाडी उभी चिरून दोन्ही भाग लांब सरकवून बघितले, आणि चार इंच रुंदी वाढवली. बोनेटचे साचे आधीच तयार होते, म्हणून मध्ये ही पट्टी आली. सुरुवातीच्या गाड्यांचे तर बंपरसुद्धा मध्ये तुकडा घालून जोडलेले. १९४८ च्या ऑक्टोबरात ती प्रदर्शनात आली, आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी पहिली ब्रिटिश गाडी हीच.

मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली शिरलो. टोक दाबायचं, आत गेलं तिथे खडूने गोल. दारांखालच्या दोन्ही सिल : गोलच गोल. चालकाच्या पायाखालचा पत्रा : हातभर भोक. मागचे पाटे जिथे टांगलेत ती जागा : डावीकडे गेलेली. पुढची मडगार्डं : वरून बरी, आतून चाळण. छत, डिकीचं झाकण, बोनेट : ठीक.

या गाडीला वेगळी चेसिस नाही, अंगच चेसिस. त्यामुळे सिल नुसती दिसायची पट्टी नव्हे, गाडीचा कणा आहे. ती कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या पट्ट्या वेल्ड करून माप धरावं लागतं, नाहीतर मधे गाडी वाकते आणि नवी सिल लागल्यावर दारच लागत नाही. हे काम माझं नाही, वेल्डरचं. वर्ष सहज जाईल.

शहाणपणाचा क्रम : आधी पत्रा, मग इंजिन. मी उलटं करणार आहे. काका ८१ वर्षांचे आहेत.

१५ डिसेंबर

इंजिन जाम. इंजिन हाताने फिरवायचं हँडल घातलं, फिरत नाही. जोर लावला नाही.

चारही प्लग काढून टॉर्चने आत बघितलं. १ आणि ३ मध्ये काळं पण स्वच्छ. २ आणि ४ मध्ये तांबूस. याचं कारण ताळ्यावर येतं. फायरिंग क्रम १-३-४-२. इंजिन थांबतं तेव्हा चार सिलेंडर चार वेगळ्या स्ट्रोकमध्ये असतात. दोघांचे व्हॉल्व्ह बंद, एकाचा एक्झॉस्ट उघडा, एकाचा इनलेट. २ नंबर सव्वीस वर्षं सायलेन्सरमधून दमट हवा पीत होता, ४ नंबर कार्बोरेटरमधून. एअर फिल्टर कुणीतरी काढून डिकीत ठेवला होता.

प्रत्येक सिलेंडरमध्ये अर्धं ॲसिटोन आणि अर्धं ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल यांचं मिश्रण, वर फडकं. शेडची दारं उघडी, आसपास ठिणगी नाही.

१६ डिसेंबर

हलत नाही.

१८ डिसेंबर

नाही. २ मधलं मिश्रण खाली उतरलंय, पुन्हा भरलं.

२१ डिसेंबर

नाही.

२२ डिसेंबर

हेड, म्हणजे सिलेंडरवरचं झाकण, काढायचं ठरवलं. रॉकरचा दांडा आणि हेडचे नट एकेक पाव फेरा ढिले करत गेलो, एकदम एक काढला तर हेड वाकतं. नट निघाले, हेड निघेना. स्टडच्या भोकात गंज बसलेला. दोन दिवस तेल, मग लाकडी ठोकळा ठेवून बाजूने हलके ठोके.

२५ डिसेंबर

हेड आलं. ४ नंबरमध्ये पिस्टनच्या वर बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, गंजाचं कडं, नखाला लागेल इतकं. २ मध्ये तसंच, थोडं कमी. बारीक घासणी ऑइलमध्ये भिजवून बोटाने गोल गोल घासलं. गंजाचा चिखल पिस्टनच्या कडेला साचू द्यायचा नाही म्हणून दर दोन मिनिटांनी पुसायचं. दुपार गेली. कडं गेलं, जागी बारीक खड्डे राहिले. नवं इंजिन बांधायचं असतं तर बोअर करून घेतला असता. आत्ता तसाच.

संध्याकाळी हँडलला हात लावला. आधी काहीच नाही. मग उलट दिशेने किंचित. पुन्हा सुलट, पुन्हा उलट. हाताला जाणवेल न जाणवेल इतकी ढिलाई आली. त्या चार मिलिमीटरवर अर्धा तास खेळलो, मध्ये मध्ये तेल. पावणेसातला ४ नंबरचा पिस्टन कडकन वर आला आणि पूर्ण फेरा बसला. भाचीने घड्याळ बघून वेळ लिहिली, मी नंतर स्वच्छ अक्षरात उतरवली.

५ जानेवारी २०२५

व्हॉल्व्ह लॅप केले, म्हणजे घासून बैठकीवर घट्ट बसवले. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकला होता, तापवून काढला. संप, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची परात, उतरवून तळाचा काळा लगदा खरवडला. नवं गास्केट, हेडचे नट मधून बाहेर क्रमाने, ४० फूट-पाउंड. टॅपेटची फट ०.०१२ इंच, गार इंजिनवर.

प्लग न लावता हँडल मारत राहिलो, ऑइल वर चढेपर्यंत. पंप सव्वीस वर्षं कोरडा, लगेच ओढत नाही. रॉकरच्या भोकातून पहिला थेंब आला तेव्हा दंडात गोळा आला होता.

कॉम्प्रेशन, १ ते ४ : १०५, ८०, ११०, ७५ पीएसआय. सुंदर नाही. चालेल.

१२ जानेवारी

ब्रेक. पुढे एकेका चाकाला दोन व्हील सिलेंडर, मागे एकेक, एकूण सहा. सहाही जाम, सगळे नवे घेतले. हे कसेबसे चालवून घ्यायचे सुटे भाग नव्हेत.

मास्टर सिलेंडर बसवण्याची जागा ज्याने ठरवली त्याने तो कधी काढला नसावा. चालकाच्या पायाखाली चटई उचलली की रबरी बूच, त्याखाली ब्रेक ऑइलचं झाकण. म्हणजे ऑइल भरायचं ते जमिनीतून, बुटांची माती आत पडू न देता. आणि सिलेंडरचे बोल्ट बाहेर यायच्या वाटेतच पुढच्या सस्पेन्शनचा टॉर्शन बार, पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. त्याचा ताण उतरवून, बार बाजूला घेऊन मग बोल्ट. बसवताना बोल्ट उलट्या बाजूने घातले, पुढच्या वेळी नुसते नट काढले की झालं. जिथे सिलेंडर बसतो तो पत्रा मात्र धड आहे. चालकाच्या बाजूला तेवढाच.

२६ जानेवारी

ड्रम, लिव्हर, कंस असे गंजलेले भाग विजेने साफ केले. प्लास्टिकचं पिंप, पाण्यात धुण्याचा सोडा, जुना बॅटरी चार्जर. भाग निगेटिव्हला, पॉझिटिव्हला भंगारातली साधी लोखंडी पट्टी. स्टेनलेस वापरायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून पिंप उघड्यावर. रात्रभरात काळी पूड सुटते, खाली निव्वळ लोखंड. लगेच प्रायमर, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस.

९ फेब्रुवारी

पेट्रोलची टाकी डिकीच्या खाली. आतलं पेट्रोल घट्ट, वास जुन्या वॉर्निशचा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. बाहेर काढून बाजूला ठेवली, पहिल्या स्टार्टला ती नकोच. छोट्या कॅनमधून थेट पंपाला पाइप. पाइप आणि सील नवे, आजच्या इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे. जुनं रबर त्यात मऊ होऊन गळतं.

एसयू कार्बोरेटर खोलला. यात जेट एकच, सुई पिस्टनबरोबर वरखाली होते. पिस्टन बोटाने वर उचलून सोडला की खाली "टक" असा स्वच्छ आवाज यायला हवा. आधी घसटत यायचा. भांडं आणि पिस्टन पेट्रोलने पुसले, पॉलिश पेपर लावला नाही, कारण तिथली फटच महत्त्वाची. आता टक येतो.

२३ फेब्रुवारी

वायरिंग. सुती वेष्टणाच्या वायरी, उंदरांनी तीन ठिकाणी सोललेल्या. अख्ख्या गाडीला फ्यूज दोन. सगळं बदलायचं आहे, पण सध्या इग्निशन, पंप आणि सेल्फ एवढ्याच नव्या ओढल्या, बाकीच्या सोडवून टोकं बांधली.

मग मी माती खाल्ली. नवी बॅटरी, सवयीने निगेटिव्ह बॉडीला लावली. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला. रेडिओ नाही म्हणून जळलं काही नाही, पण इंजिन चालू करून डायनामो फिरवला असता तर कटआउटचे, म्हणजे डायनामो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट गेले असते. भाचीच वायरिंगच्या तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, "मामा, यात अधिकचं (+) टोक बॉडीला दाखवलंय." उलटी लावली, डायनामोच्या एफ टोकाला क्षणभर बॅटरीचा निगेटिव्ह टेकवून ध्रुव पुन्हा पक्के केले. बॅटरीवर लाल रंगाने लिहून ठेवलं.

ठिणगी पाडणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटची फट ०.०१५ इंच. नवा कंडेन्सर. ठिणगी निळसर.

२ मार्च

काहीही केलं नाही. तापाने झोपून.

९ मार्च

काका आले. खुर्ची दिली, पण बसले नाहीत, गाडीभोवती एक फेरी मारली. उजव्या मडगार्डावर हात ठेवून म्हणाले, "इथे बरी राहिली की." ताडपत्रीचं आज सांगितलं, सोपं करून. त्यांनी मान हलवली. "म्हणजे बांधायलाच नको होती." मी म्हटलं, "बांधायची, पण खाली वारा खेळायला हवा होता." त्यावर काही बोलले नाहीत.

चारी चाकांना पुढून मागून लाकडी ठोकळे. शेडची दारं उघडी, अग्निशामक सिलेंडर भाचीच्या हातात.

चावी फिरवली. पंप आधी भराभर टकटकला, मग सावकाश, मग एकेक, मग थांबला. फ्लोटचं भांडं भरलं की तो असाच थांबतो. काका म्हणाले, "भरला. आता चोक पूर्ण ओढ, आणि सेल्फ." ते कधी येऊन ड्रायव्हरच्या दाराशी उभे राहिले, कळलं नाही.

तुमची गाडी, तुम्ही ओढा म्हटलं. बसले. सीट नाही, लाकडी खोक्यावर.

पहिल्या ओढीला फक्त फिरलं. दुसऱ्याला एकदा फुटलं आणि कार्बोरेटरमधून ठसका आला. तिसऱ्याला दोन सिलेंडर, मग तीन, मग मागून पांढऱ्या धुराचा लोट आणि सायलेन्सरमधून गंजाचे कपचे शेडभर. ऑइलचा दिवा विझला. चौथा सिलेंडर अर्ध्या मिनिटाने जागा झाला. काकांनी चोक बोट बोट आत ढकलला, इंजिनाकडे कान करून, डोळे मिटून. मला इतका नेमका जमला नसता.

सहा मिनिटं चालली. पाणी ठिबकायला लागलं म्हणून बंद केली.

बंद केल्यावर काकांचा हात सवयीने हँडब्रेककडे गेला. भाची खिडकीतून ओरडली, "आजोबा, नको!" त्यांनी हात मागे घेतला आणि वाकून चाकाखालचे ठोकळे आहेत ना ते बघितलं.

पुढच्या रविवारी रेडिएटर उतरवायचा, खालच्या टाकीच्या सांध्यातून गळतोय. वेल्डर येऊन सिलचं माप घेणार आहे.